हिवतापाचा आलेख उतरतो, तेव्हा नेमके काय उतरते?

प्रश्न : एका आरोग्य केंद्राच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून मी हिवतापाच्या रुग्णांचा आलेख काढला आहे. रेषा एकंदरीत उतरती आहे. मध्ये दोन वर्षे मात्र ती एकदम वर जाते. रोग आटोक्यात येत आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येईल का?

उत्तर : त्याआधी त्याच कागदावर दुसरी एक रेषा काढा : दर वर्षी किती जणांचे रक्त तपासले गेले, याची. नोंदवहीतला रुग्ण म्हणजे ताप आल्यावर केंद्रापर्यंत आलेला, रक्तनमुना घेतला गेलेला आणि त्या नमुन्यात परजीवी आढळलेला माणूस. यांतली एक पायरी जरी ढिली पडली, तरी आजार तेवढाच राहून आकडा घटतो. समजा, एका वर्षी ४००० नमुन्यांपैकी ४०० दूषित, म्हणजे परजीवी असलेले, निघाले आणि काही वर्षांनी १५०० पैकी २२५. रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसतील, पण दूषित नमुन्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलेले असेल.

अर्थात हे प्रमाणही डोळे झाकून मानू नये. केवळ दाट संशय असलेल्यांचेच रक्त घेतले तर ते फुगते, आणि ताप नसलेल्यांचीही सरसकट तपासणी केली तर घसरते. तपासण्या कायम असताना किंवा वाढत असताना रुग्णसंख्या आणि प्रमाण ही दोन्ही वर्षानुवर्षे उतरत असतील, तरच उतारावर विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

मधल्या चढाचे कारण शोधताना डासांकडे वळण्यापूर्वी तपासणीची पद्धत कधी बदलली ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रत्येक संशयित रुग्णाची उपचारापूर्वी तपासणी करण्याची शिफारस केली. त्याआधी अनेक देशांत ताप म्हणजे हिवताप असे गृहीत धरून औषध दिले जाई आणि नोंदही तशीच होई. अशा ठिकाणी जुन्या आणि नव्या नोंदींतला ‘रुग्ण’ एकच नसतो. सूक्ष्मदर्शकाच्या जागी रॅपिड टेस्ट आली असेल, तर आणखी एक गुंतागुंत होते. फॅल्सिपेरम ही हिवतापाच्या परजीवीची जात ओळखणाऱ्या बहुतेक किट त्या परजीवीचे एक विशिष्ट प्रथिन शोधतात. ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकत असल्याने जुना आजार नवा म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते. उलट काही प्रदेशांत हे प्रथिन तयार करणारे जनुकच गमावलेले परजीवी आढळले आहेत आणि ते अशा किटच्या हाती लागत नाहीत.

फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स ही परजीवीची दुसरी जात, या दोन्हींचे आकडे वेगवेगळे मांडावेत. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात सुप्त राहून काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात, त्यामुळे नियंत्रणाचे उपाय नेटाने चालू असतानाही त्याचे रुग्ण बरेचदा सावकाश कमी होतात. हिवताप ऋतुमानाप्रमाणे वरखाली होत असल्याने तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करावी. लोकसंख्या बदलली असेल, तर दरहजारी दर काढावा. २०२० चा आकडा मात्र जपूनच वाचावा, कारण कोविडच्या काळात अनेक ठिकाणी तापाचे रुग्ण केंद्रापर्यंत पोहोचतच नव्हते.

हे सारे जुळले, तरी दहा वर्षे हा काळ या रोगासाठी थोडकाच आहे. श्रीलंकेत १९६३ मध्ये हिवतापाचे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले होते. फवारणी आवरती घेण्यात आली आणि त्या दशकाच्या अखेरीस लाखो लोकांना लागण झाली. हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र त्या देशाला थेट २०१६ मध्ये मिळाले. त्यामुळे ‘या दहा वर्षांत नोंदलेले रुग्ण कमी झाले’ असे आपण जरूर लिहावे. ‘रोग आटोक्यात आला’ असे लिहिण्यासाठी वरचे पुरावे सोबत जोडावेत.

प्रश्न : काही महिन्यांची पाने गहाळ आहेत. तिथे शून्य धरले तर चालेल का?

उत्तर : नाही. शून्य म्हणजे तपासणी झाली आणि एकही नमुना दूषित निघाला नाही; गहाळ पान यातले काहीच सांगत नाही. तेवढी जागा आलेखात तुटलेलीच ठेवावी. गहाळ महिने ऐन हंगामातले असतील, तर त्या वर्षाची वार्षिक बेरीज तुलनेत घेऊ नये.