हिरव्या क्रॅकल टाइल्स: आधी एक टाइल मुद्दाम खराब करून बघा

तुमचा धागा वाचला आणि पोटात गोळा आला. इथलं ब्रिटनमधलं १८९०च्या सुमाराचं टेरेस्ड (ओळीत, भिंतीला भिंत लागून बांधलेलं) घर, शॉवरच्या तिन्ही भिंतींना बाटलीहिरव्या क्रॅकल टाइल्स, मधे वेलपानांचा पट्टा, आणि तुम्ही विचारताय ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला, पांढरं घ्यावं की कोळशी. सहा वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न उशाशी घेऊन झोपत होते. ग्राउटच्या रंगाकडे शेवटी येते, त्याआधी सीलरचं, म्हणजे पाणी आणि डाग आत शिरू न देणाऱ्या लेपाचं, बघा.

भिंतीची पातळी, वॉटरप्रूफिंग वगैरे तुमचा टायलर बघेलच, त्यात शिरत नाही.

भट्टीतून निघालेली टाइल थंड होताना वरची काच खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिला केसाएवढ्या भेगा पडतात. दिसतात सुंदर, मान्य. पण खालची भाजलेली माती पाणी पिते आणि प्रत्येक भेग म्हणजे तिथवर जायची उघडी वाट. ग्राउट भरण्याआधी सीलर मारलं नसेल तर ग्राउटमधला रंग त्या वाटेने आत उतरतो. मग घासून काही उपयोग नाही, डाग काचेच्या खाली असतो.

आमच्याकडे साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी यायचे होते, तिकिटं काढून झालेली, म्हणून घाई. शुक्रवारी टाइल्स लागल्या. शनिवारी टायलरने कोळशी ग्राउट फासलं, स्पंजने पुसलं, पैसे घेऊन गेला. संध्याकाळी दिवा लावला तर हिरव्या काचेत काळ्या बारीक रेघांचं जाळं. सगळीकडे सारखं असतं तर नक्षी म्हणून खपवलं असतं. पण एका टाइलवर गच्च, शेजारचीवर काहीच नाही. सासूबाई आल्या त्या दिवशी आंघोळ करून बाहेर येत म्हणाल्या, "अगं, नवीन बाथरूम ना हे? मग भिंतीला जळमटं कशी?" त्यात खालच्या दोन ओळी शॉवरनंतर ओल्या फडक्यासारख्या गडद व्हायच्या, त्या दोन-दोन दिवस वाळत नसत.

दुकानाचं नाव घेत नाही. त्यांच्या तक्रार विभागाने पाच आठवडे झुलवलं. प्रत्येक ईमेलला नवा माणूस आणि तेच उत्तर: रंगरूपातलं वैविध्य हा या मालाचा गुणधर्म आहे, आणि भिंतीला लागलेल्या टाइलची तक्रार आम्ही घेत नाही. आता मला सांगा, भिंतीला लावल्याशिवाय हे कळणार कसं? दुकानात विचारलं होतं तेव्हा "शॉवरला चालतात" एवढंच सांगितलं होतं. सीलर मारायची सूचना होती, नाही असं नाही. खोक्यात तळाशी, घडी घातलेल्या कागदावर. तो कागद मला सापडला गॅरेजमधल्या उरलेल्या खोक्यात, सगळं होऊन गेल्यावर. बाकीचे टायलरने पॅकिंगबरोबर फेकले असणार. त्याला तरी काय बोलणार, सीलर आणायला मीच सांगितलं नव्हतं.

मी वकील नाही, तेव्हा हे ऐकीव समजा: इथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल सांगितलेल्या कामाला योग्य असावा लागतो. म्हणून "शॉवरला चालेल का" हे ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्याकडे तोंडी शब्दापलीकडे काही नव्हतं. एका वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त असेल तर पैसे क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. मी डेबिट कार्डाने भरले होते. नऊ चौरस मीटर टाइल्स फोडून काढल्या, मजुरी दोनदा गेली.

तेव्हा आज संध्याकाळीच एक टाइल घ्या. अर्ध्या भागाला सीलरचे दोन हात द्या, अर्धा कोरा ठेवा. सीलर वाळलं की सगळ्यावर ग्राउट फासून नेहमीसारखं पुसा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. ग्राउटनंतर पुन्हा एक हात, आणि पुढे दरवर्षी. आमच्याकडे दिवाळीला तेल-उटणं होतं, ते कोऱ्या भागात काय करतं तेही त्याच टाइलवर बघून घ्या. लंडनसारखं जड पाणी असेल तर क्षार काढायला व्हिनेगर मारू नका, ग्राउट खातं. आंघोळीनंतर वायपर फिरवायचा, बस्स.

वजनाचंही विचारून घ्या. नुसत्या प्लास्टरबोर्डावर (भिंतीला लावतात त्या जिप्समच्या फळ्यावर) चौरस मीटरला ३२ किलोपर्यंत चालतं, वर प्लास्टरचा हात असेल तर २०च. आणि त्यात टाइलबरोबर चिकटवायचा मसाला आणि ग्राउटही मोजायचं.

बाकी "हेरिटेज" शब्दाला फार भुलू नका, हे आपलं माझं मत. त्या काळी आपल्यासारख्या साध्या टेरेस्ड घरांत बाथरूमच नसायचं. शेगडीपुढे पत्र्याचा टब ठेवून आंघोळी व्हायच्या. टाइल्स असायच्या पोर्चमध्ये, शेगडीच्या कडेला, बाहेर खाटकाच्या दुकानात आणि पबमध्ये. म्हणजे जपायला "मूळ" असं काही नाही, मोकळेपणाने करा. वेलपानंच हवी असतील तर एकदा श्रॉपशरमधलं जॅकफील्डचं टाइल संग्रहालय बघा, तिथे जुन्या टाइल्स ओळीने लावलेल्या आहेत. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसची १८८७ची विलोच्या पानांची नक्षी मुळात वॉलपेपरची. सहा इंची टाइलवर तिची पानं कुठेही कापली जातात. त्यापेक्षा बेसिनमागे चार-सहा टाइल्सचं एक पॅनल करा, बाकी भिंत साधी. शॉवरमध्ये वेल नकोच.

आणि त्याच टाइल्स जमिनीला लावायचा विचार दिसतोय, तो सोडा. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली मिंटन या इंग्लिश कंपनीची फरशी आठवून म्हणत असाल, तर ती जातच वेगळी. तशा फरशीत नक्षी रंगीत मातीची, टाइलच्या अंगात भरलेली असते, झिजली तरी मागे उरते. तुमच्या टाइलवर नुसता काचेचा पापुद्रा आहे.

ग्राउट फिकट राखाडी घ्या. पांढरं चार महिन्यांत पिवळं पडतं, आणि कोळशी मी तरी पुन्हा घरात आणणार नाही.