पद्धती ढीगभर, पण गाडं अडलंय कुठे?

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बॅटरीशिवाय चालणारा पाणीगळती-सूचक करायचाय. ब्रेनस्टॉर्मिंग, ट्रिझ (डिझाइनमधले विरोध सोडवायची पद्धत), मॉर्फॉलॉजिकल चार्ट (प्रत्येक कार्याचे पर्याय मांडणारा तक्ता) शिकले, पण कधी काय वापरायचं ते कळत नाही. डिझाइन थिअरीत करिअर होईल का?

उत्तर: पद्धती निवडायची घाई करू नकोस. पॅरिसच्या माइन्स संस्थेतल्या आर्मां हाचुएल आणि बेन्वा वेल यांची सी-के (कन्सेप्ट-नॉलेज, म्हणजे संकल्पना-ज्ञान) थिअरी इथे कामाची आहे. कागदाचे दोन भाग कर. उजवीकडे ज्ञान, म्हणजे जे खरं-खोटं ठरवता येतं ते. डावीकडे संकल्पना, म्हणजे आजच्या ज्ञानावर जे शक्य की अशक्य हेच सांगता येत नाही.

तुझी संकल्पना डावीकडे लिही; तिला जोडलेला प्रत्येक गुण म्हणजे तिची एक फांदी. ‘लहान’, ‘स्वस्त’ असे गुण जोडलेस तर ती फक्त अरुंद होते. ‘गळतीच्या पाण्यावरच चालणारा’ असं जोडलंस की ज्ञान शोधावंच लागतं. लाइफ जॅकेटवरचे काही दिवे पाणी लागताच पेटतात, कारण त्यांचा सेल पाण्यानेच सुरू होतो. ही नोंद उजवीकडे गेली.

मॅग्नेशियम आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये फिल्टर पेपर ठेवून बघ. नळाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे मीटरवर व्होल्टेज चांगलं दिसतं आणि लोड जोडला की कोसळतं. पेपर मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलास तर प्रवाह वाढेल, पण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गळतीआधीच मॅग्नेशियम गंजायला लागतं. म्हणजे पेपरवर मीठ हवंही आणि नकोही.

ट्रिझ काढायची वेळ ही. हातात नेमका विरोध असल्याशिवाय तिची 40 तत्त्वं चाळणं म्हणजे वेळ घालवणं. ‘मध्यस्थ’ या तत्त्वावरून मीठ आणि हवा यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) फिल्म सुचेल. पण दमट हवेत तीही मऊ पडते, तेव्हा चाचणी घे. फिल्मसह आणि फिल्मशिवाय असे सेल बंद डब्यात ओल्या स्पंजाशेजारी ठेव, व्होल्टेज रोज नोंद.

मॉर्फॉलॉजिकल चार्ट त्यानंतर. 5 कार्यं आणि प्रत्येकी 4 पर्याय घेतलेस तर 1024 जोडण्या होतात, म्हणून न जुळणाऱ्या जोड्या आधीच खोड. चार्ट माहीत असलेल्याच गोष्टी जुळवतो, नवं ज्ञान देत नाही. ब्रेनस्टॉर्मिंगचं म्हणशील तर आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावं. दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघताना स्वतःची कल्पना निसटते. मानसशास्त्रज्ञ डील आणि स्ट्रोबे यांनी 1987 मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं.

करिअरचं म्हणशील तर नुसत्या ‘सर्जनशीलता-तज्ज्ञ’ या पाटीवर मी भिस्त ठेवणार नाही. मटेरियल्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा एक विषय पक्का कर आणि मास्टर्सला इंजिनिअरिंग डिझाइन घे. उत्पादन-विकास किंवा पेटंटच्या कामात ही जोडी उपयोगी पडते. संशोधनच करायचं असेल तर ‘रिसर्च इन इंजिनिअरिंग डिझाइन’ हे नियतकालिक चाळ. प्रोजेक्टच्या अहवालात तो दोन भागांचा कागद खोडलेल्या फांद्यांसकट जोड, आणि प्रत्येक फांदी कोणत्या मोजमापामुळे खोडली तेही शेजारी लिही.