वर्णपटाचे चित्र म्हणजे डेटा नव्हे

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. आमचा पहिला शोधनिबंध पाठवताना नियतकालिकाने एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखण्याच्या चुंबकीय मोजमापाच्या) मूळ फायली सार्वजनिक भांडारात ठेवण्याची सूचना केली. आमच्या सरांचे म्हणणे असे की, वर्णपट, म्हणजे त्या मोजमापाचे शिखरांचे आलेख, पीडीएफमध्ये जोडले आहेत, तेवढे पुरे. मूळ फायली दिल्या तर आमच्या कामावर दुसराच कोणी पुढचा निबंध लिहील. फायली द्याव्यात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या सरांची काळजी समजण्यासारखी आहे आणि तिच्याकडे मी येतोच. पण आधी पीडीएफविषयी.

एनएमआरचे यंत्र शिखरे मोजत नाही. ते काळाबरोबर विरत जाणारा एक संकेत नोंदवते. त्यावर फूरिये रूपांतर (संकेतातील वारंवारता वेगळ्या करणारे गणित) करून, कला (फेज) आणि आधाररेषा दुरुस्त करून आपण वर्णपट मिळवतो, आणि या प्रत्येक पायरीवर करणाऱ्याचा हात लागलेला असतो. पीडीएफमध्ये उरते ते फक्त शेवटचे चित्र. एखादे शिखर अशुद्धीचे आहे का, दोन रेषा एकमेकींत मिसळल्या आहेत का, शिखरांखालील क्षेत्रफळांचे गुणोत्तर खरोखर तेवढेच आहे का, हे चित्र कितीही मोठे करून कळत नाही. मूळ संकेत हाती असला तर दुसरा अभ्यासक तेच काम नव्याने करून पाहू शकतो. साध्या प्रोटॉन वर्णपटाची मूळ फाईल काहीशे किलोबाइटची, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहूनही लहान असते. जागेची सबब त्यामुळे टिकत नाही.

रसायनशास्त्राच्याच एका शाखेने, स्फटिकशास्त्राने, हे फार पूर्वी करून दाखवले आहे. स्फटिकशास्त्रज्ञ ओल्गा केनर्ड यांनी १९६५ मध्ये केंब्रिजला स्फटिकरचनांचा (स्फटिकातील अणूंच्या मांडणीच्या नोंदींचा) संग्रह सुरू केला. १९९१ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांनी सीआयएफ हा सामाईक फाईल-प्रकार ठरवला आणि पुढे रचना जमा केल्याशिवाय निबंध छापायचा नाही, हा बहुतेक नियतकालिकांचा शिरस्ताच झाला. २०१९ मध्ये त्या संग्रहाने दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला. एकेक रचना कोणालाही विनामूल्य पाहता येते. पूर्ण संग्रह एकत्र वापरण्यासाठी मात्र परवाना घ्यावा लागतो, आणि ही अडचण मला अजूनही खटकते. या शिस्तीचे मोल २०१० मध्ये दिसले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाच्या एका नियतकालिकाने चीनमधील दोन गटांच्या ७० रचना मागे घेतल्या, कारण मोजमापांचा एकच संच वापरून, एका धातूच्या जागी दुसरा धातू लिहून, ‘नवी’ संयुगे सादर केली गेली होती. मूळ मोजमापे जमा असल्यामुळेच तपासणीची आज्ञावली संशयास्पद जागांवर बोट ठेवू शकली. निबंधात नुसती चित्रे असती, तर ही बनावट उघडी पडणे फार अवघड होते.

संश्लेषणाच्या रसायनशास्त्रात एक उणीव याहूनही मोठी आहे. फसलेली अभिक्रिया आपण छापत नाही. अभिक्रियेचे उत्पादन किती येईल याचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रणाली आज याच छापील साहित्यावर शिकतात, म्हणून त्यांच्यापर्यंत यशाच्याच कथा पोहोचतात. तुमच्या वहीतील ‘४ टक्के उत्पादन, डांबरासारखा पदार्थ’ ही नोंद पुढच्या विद्यार्थ्याचे दोन महिने वाचवू शकते. अभिक्रियांच्या मुक्त संग्रहाचा ‘ओपन रिअॅक्शन डेटाबेस’ हा उपक्रम अशा नोंदींनाही जागा देतो.

आता सरांची भीती. भांडारात फायली ठेवल्या की त्यांना तारीख आणि डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे काम आधी कोणी केले याचा पुरावा तुमच्याच बाजूने उभा राहतो. निबंध प्रसिद्ध होईपर्यंत फायली बंद ठेवण्याची सोय बहुतेक भांडारांत असते. संयुगावर पेटंट घ्यायचे असेल, तर मात्र निबंध आणि डेटा या दोन्हींच्या आधी अर्ज दाखल करा, कारण आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीची नवीनता कायद्याच्या दृष्टीने संपते.

तुमच्या फायली मुक्त भांडारात असण्याला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचता येतात, पण खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील विद्यार्थी तिच्या बाहेर आहे. भांडारातील डेटा त्यालाही मिळतो.

सर्न या युरोपातील अणुसंशोधन संस्थेचे झेनोडो किंवा खास रसायनशास्त्रासाठी असलेले जर्मनीतील केमोशन यांपैकी कोणतेही भांडार चालेल. यंत्राने दिलेला संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा जोडा, त्याला निबंधातलाच संयुग-क्रमांक द्या, आणि सोबत द्रावक, यंत्राची वारंवारता व संयुगाचा आयएनसीएचआय (InChI) संकेत, म्हणजे त्याची रचना अक्षरांत मांडणारी ओळ, लिहिलेली एक साधी मजकूर-फाईल ठेवा. हे काम मोजमाप घेतले त्याच संध्याकाळी करा; सहा महिन्यांनी ‘नवीन-२-अंतिम’ या फोल्डरमध्ये कोणते संयुग होते, हे आठवत नाही.