शिवालिकला पहिल्यांदा जातोयस म्हणून

अरे, मुंब्र्याच्या डोंगरात जुन्या जनावरांची दगड झालेली हाडं, म्हणजे फॉसिल, शोधत बसू नकोस, आपला सगळा काळा बेसॉल्ट आहे, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात हत्तीबित्ती कुठून मिळणार! खरा खजिना शिवालिकच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांच्या, वाळूखडकात, हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी आणलेल्या वाळूत जनावरं गाडली गेली. हिमाचलमधल्या नाहनजवळच्या साकेतीला जा, 1974 पासून तिथे फॉसिल पार्क आहे. स्टेगोडॉनची, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या नातेवाइकाची, दाढ नीट बघ, वर कौलारू छपरासारखे उंचवटे ओळीने असतात, आजच्या हत्तीची दाढ मात्र सपाट, पट्ट्यापट्ट्यांची. मला तर तासभर हलवेना तिथून. आणि शिवाथेरियम, जिराफाच्या कुळातलं पण बैलासारखं दांडगं. बाहेर काही दिसलं तर उचलू नकोस हां, आकार कळावा म्हणून शेजारी नाणं ठेवून फोटो काढ, कुठल्या थरात होतं ते लिही, थर सुटला की माहितीच गेली.