हिरडीलगतच्या खाचेतलं कंपोझिट वारंवार का निघतं? बाँडिंग एजंट बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की हिरडीलगतच्या झिजलेल्या खाचांमध्ये भरलेलं कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) काही महिन्यांत अख्खं निघून येतं, पण त्याच बाटलीतलं बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारा द्रव) पुढच्या दातांच्या कडांवर पक्कं बसतं. मग बाटली बदलू नका. डेंटिनवरच्या, म्हणजे दाताच्या कडक आवरणाखालच्या थरावरच्या, पाण्याकडे बघा.

एनॅमलमध्ये, म्हणजे त्या बाहेरच्या कडक आवरणात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, त्यामुळे ते खडखडीत वाळवलं तरी बिघडत नाही. डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास. बाकी कोलॅजन (तंतुमय प्रथिन) आणि पाणी. ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिड लावलं की वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज विरघळतं आणि कोलॅजनच्या तंतूंची नुसती जाळी उरते. तिला उभी ठेवतं ते पाणी. या जाळीत बाँडिंगमधलं रेझिन शिरून घट्ट झालं की हायब्रिड लेअर, म्हणजे दोन्हींचा मिश्र थर, बनतो. जपानी संशोधक नाकाबायाशी यांनी तो १९८२ मध्ये दाखवला. सिरिंजने जोरात हवा मारली तर जाळी चपटी होते, रेझिन वरच राहतं आणि पेशंटला गार पाण्याने ठणका लागतो. उलट पाणी साचलेलं असेल तर रेझिन पातळ होतं आणि नीट क्युअर होत नाही, म्हणजे घट्ट होत नाही.

म्हणून अॅसिड एनॅमलच्या कडेवर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर १५ च्या वर कधीच नाही. भरपूर धुवा, मग हवेऐवजी ओलसर कापसाच्या बोळ्याने टिपा. पृष्ठभाग ओलसर चमकला पाहिजे, पण थेंब दिसता कामा नये. युनिव्हर्सल अॅढेसिव्ह (वेगळं अॅसिड लावून किंवा न लावता चालणारं बाँडिंग) असेल तर मी डेंटिनला अॅसिड लावतच नाही, फक्त एनॅमलला लावतो. अॅढेसिव्ह मायक्रोब्रशने २० सेकंद चोळायचं. नुसतं फासून चालत नाही. मग हलक्या हवेने सॉल्व्हंट (त्यातला उडून जाणारा द्रव) उडवायचा, थर हलायचा थांबेपर्यंत. बहुतेक जण घाई करतात ती इथेच. बाटली उघडी राहिली तर सॉल्व्हंट आधीच उडून जातो, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या केसमध्ये आणखी एक अडचण दिसते. जुन्या खाचेतलं डेंटिन पिवळसर-तपकिरी आणि काचेसारखं गुळगुळीत असतं. त्याच्या नलिका खनिजाने बुजलेल्या असतात, त्यामुळे अॅसिड आत उतरत नाही. बरने (ड्रिलच्या टोकाने) वरचा थर हलकेच खरवडा, एनॅमलला बेव्हल (तिरकी कड) द्या. आधी युजेनॉलचं तात्पुरतं सिमेंट भरलेलं असेल तर ते पूर्ण काढा, कारण युजेनॉल (लवंग तेलातला घटक) रेझिनचं पॉलिमरायझेशन, म्हणजे घट्ट होणं, अडवतं.

हिरडीतून रक्त किंवा द्रव येत असेल तर रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) किंवा रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावा. तरीही कड कोरडी होत नसेल तर कंपोझिटचा हट्ट नको. १० टक्के पॉलिअॅक्रिलिक अॅसिड २० सेकंद लावून, धुऊन, रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर (रेझिन मिसळलेलं काचेच्या भुकटीचं सिमेंट) भरा. प्रयोगशाळेत त्याचे मेगापास्कल (चिकटण्याच्या ताकदीचं माप) कमी भरतात, पण ते दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध जोडतं आणि अशा खाचांमध्ये चांगलं टिकतं.