केस गळतीसाठी क्लिनिकमध्ये एक्सोसोमचं इंजेक्शन सुचवलंय. हे एक्सोसोम म्हणजे नक्की काय आणि घ्यावं का?

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये पेशी वाढवतो आणि त्यांचे एक्सोसोम वेगळे काढतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

आपल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बाहेर बारीक पिशव्या सोडत असतात, वरून चरबीचं आवरण, आत प्रोटीन आणि आरएनए (म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं याच्या सूचना वाहणारा रेणू). त्यातल्या साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या एका प्रकाराला एक्सोसोम म्हणतात. 1983 मध्ये कॅनडात रोझ जॉनस्टोन आणि अमेरिकेत फिलिप स्टाल यांच्या लॅबना कोवळ्या तांबड्या पेशींत हा प्रकार दिसला तेव्हा वाटलं, पेशी नको असलेला माल बाहेर टाकतेय, बास. पण 2007 मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या लोकांनी उंदराच्या एक्सोसोममधला आरएनए माणसाच्या पेशींना दिला आणि त्या पेशींत चक्क उंदराचं प्रोटीन सापडलं! म्हणजे हा कचरा नव्हे, निरोप आहे.

त्यामुळे विज्ञान खरंय, थाप नाही. तपासणीसाठी तर वापर सुरूही झालाय, प्रोस्टेटची बायोप्सी करावी की नको हे ठरवायला लघवीतल्या एक्सोसोमचा आरएनए बघणारी टेस्ट अमेरिकेत मिळते.

इंजेक्शनची गोष्ट मात्र वेगळी. एक्सोसोम वेगळे काढायला आम्ही पेशी वाढवलेलं द्रव एक लाख जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) तासाभराहून जास्त फिरवतो आणि शेवटी ट्यूबच्या तळाशी बऱ्याचदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून आधीच बाहेरून मार्करने खूण करून ठेवायची आणि तिथे माल आहे असं धरून चालायचं. त्यात पेशी वाढवायला जे गाईचं सीरम (रक्तातलं पातळ द्रव) घालतात त्यात गाईचेच एक्सोसोम भरलेले असतात, ते आधी काढले नाहीत तर आपण कोणाचे मोजतोय हेच कळत नाही. एवढं करूनही दोन बॅच सारख्या येतील याची खात्री नाही, मग क्लिनिकमधल्या त्या बाटलीत काय आहे हे कोण सांगणार?

अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने एकही एक्सोसोम औषध मंजूर केलेलं नाही, उलट नेब्रास्कात असली उत्पादनं घेतलेल्या पेशंटना गंभीर त्रास झाल्यावर डिसेंबर 2019 मध्ये जाहीर इशारा दिला.

तुम्ही त्यांना सरळ विचारा, एक्सोसोम कुठल्या पेशींचे आहेत, बाटलीवर इंजेक्शनसाठी लिहिलंय की फक्त वरून लावायचं कॉस्मेटिक म्हणून, आणि बॅचचा टेस्ट रिपोर्ट दाखवता का. टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका, आधी साध्या स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन केस का गळतायत ते तपासून घ्या, थायरॉइडचा त्रास किंवा आयर्नची कमतरता निघाली तर या बाटलीचा प्रश्नच येत नाही.