वाचक विचारतात : लाकूड महागलं, छप्पर कसं घालायचं?

प्रश्न : दापोली तालुक्यात बागेत 12 बाय 16 फुटांची एक खोली बांधतो आहोत. जांभ्याच्या भिंती, वर दोन पाखी (छपराचे दोन उतार) आणि मंगळुरी कौलं, एक दार, दोन खिडक्या. सुतारांनी सगळं सागात धरून 45 घनफूट लाकूड सांगितलं. भाव ऐकून काम थांबवलंय. काही कमी होईल का?

उत्तर : होईल, पण आधी 45 घनफूट आले कुठून ते बघू. हिशेब सोपा आहे : रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 144 ने भागा.

आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) 16 फुटांच्या दिशेने, उतार 30 अंश, पागोळ्या भिंतीपासून 2 फूट लांब पडाव्यात आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट छप्पर बाहेर यावं, असं धरलं तर आढ्याची लांबी 19 फूट होते आणि वासा (आढ्यापासून भिंतीकडे उतरणारं लाकूड) सव्वानऊ फुटांचा, म्हणजे खरेदी 10 फुटी. सुतारांनी बहुधा 5 बाय अडीच इंची वासे दीड-दीड फुटावर धरलेत. तसे एका पाख्याला 14, दोन्हींना 28 वासे, आणि नुसत्या वाशांचेच 24 घनफूट होतात. जुन्या घरांत असे वासे दिसतात, पण ती घरं 20-25 फूट रुंद असत. तुमची खोली 12 फुटांची आहे. तिला 4 बाय 2 इंची वासे, जेमतेम दोन फुटांच्या अंतराने, पुरतात. 22 वाशांचे 12.2 घनफूट. इथेच 12 घनफूट वाचले.

बाकीचं असं : आढं 6 बाय 3 इंची, 2.4 घनफूट. दोन लांब भिंतींवरची आडवी लाकडं 4 बाय 3 इंची, 3.2. मधोमध आढ्याला आधार देणाऱ्या कैचीची (तिकोनी सांगाड्याची) 13 फुटी तुळई, म्हणजे तळाचं आडवं लाकूड, 6 बाय 3 इंची, 1.6. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) 2 बाय 1 इंची, एका पाख्याला 10 ओळी, दोन्ही मिळून 380 फूट, 5.3 घनफूट. दाराची आणि दोन खिडक्यांची चौकट 4 बाय 3 इंची, मिळून पावणेचारच्या आसपास. बेरीज साडेअठ्ठावीस, घट धरून 31.

या 31 मध्येही साग लागतो तो फक्त चौकटींना. चौकट रोज पाऊस-ऊन खाते आणि तिने पीळ खाल्ला की दार लागत नाही. वासे, आढं, तुळई यांना ऐन किंवा किंजळ या झाडांचं लाकूड घ्या. ताकदीला दोन्ही भक्कम, मात्र ओलं ऐन सुकताना चिरतं, म्हणून जुनं किंवा सुकलेलंच घ्या आणि खिळ्याआधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर टोक फाटेल. रिपांना पोफळ (सुपारीचं झाड) चालते. जून झाडाची, बाहेरची काळपट कडक पट्टी तेवढी ठेवायची, आतला भुसभुशीत गर काढून टाकायचा. कोकणात हे पूर्वापार चालत आलंय. हल्लीच लोकांना त्यात कमीपणा वाटू लागलाय.

एक सावधगिरी. रिपांचं अंतर कागदावर ठरवू नका. आणलेली चार-पाच कौलं जमिनीवर एकात एक बसवा, मोजा आणि तेच अंतर धरा. कंपनीगणिक त्यात अर्धा इंचाचा फरक पडतो, आणि दहा ओळींत तो पाच इंच होतो. वासे दोन फुटांवर गेले की रिपेला मध्ये गाठ असलेली चालत नाही. शाकारायला चढलेल्या माणसाचा पाय नेमका तिथेच पडतो.

प्रश्न : आमच्या गावात (राजापूर) स्लॅबची घरं बांधायला जुनी घरं उतरवतात. त्यांचं लाकूड स्वस्त मिळतं, पण फसायला होतं असं ऐकलं. काय बघावं?

उत्तर : फसगत भावात नसते, मापात असते. समजा, जुना साग 2,000 रुपये घनफूट सांगितला आणि तुम्ही 10 घनफूट उचलला. कुजलेली टोकं, जुन्या खाचा, चिरा काढून त्यातला साडेसहा घनफूटच कामाला आला, तर तुम्हाला तो घनफुटाला सुमारे 3,077 रुपयांनी पडला. वर खिळे काढण्याची मजुरी आणि करवतकाम. मग नव्या लाकडाचा भाव विचारून बघायला हरकत नाही.

म्हणून विकणाऱ्याच्या मापाला मान डोलावू नका. तुळई एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक असते. माप मधल्या जागी घ्या, जाड टोकाला नाही. कुसू (जोडासाठी टोकाला काढलेली खुंटी) आणि सडकं टोक लांबीतून वजा करा. जिथे खाच आहे तिथे लाकडाची खोली किती उरली ते बघा. 6 इंची तुळईला मधोमध 2 इंची खाच असेल तर भार घेण्यापुरती ती 4 इंचीच समजा.

मग टोकं तपासा. भिंतीत गेलेला फूट-दीड फूट भाग सगळ्यात आधी जातो. पेचकस टोचा : कडकडीत लागला तर ठीक, लोण्यासारखा आत गेला तर तेवढा भाग कापायचाच. बाहेरून रंग असेल तर एक कोपरा पटाशीने खरवडून घ्या. बारीक भोकं दिसली म्हणून लगेच नाकारू नका. तुळई उचलून आपटा आणि खाली बघा. पिठासारखा ताजा भुगा पडला तर भुंगा आत जिवंत आहे, ते लाकूड नको. भुगा पडला नाही आणि भोकं कडेच्या पांढऱ्या भागापुरतीच असली, तर तो भाग काढून गाभा वापरता येतो.

खिळ्यांचं प्रकरण वेगळंच. पट्टा करवतीचं पातं एका खिळ्याने जातं, म्हणून गिरणीवाले जुनं लाकूड घ्यायला नाखूश असतात किंवा पात्याची भरपाई आधीच ठरवतात. लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढा. मोडलेला निघत नसेल तर खडूने गोल करा आणि तो तुकडा चिरायला देऊच नका. शिवाय करवतही लाकूड खाते : 6 इंच जाडीतून एक इंची सहा फळ्या निघत नाहीत. प्रत्येक कापाला 2-3 मिलिमीटर भुसा होतो, पाच फळ्या आणि एक पातळ ढलपी एवढंच हाती लागतं. रंध्याने घासल्यावर फळी आणखी बारीक होते.

घरं दिवाळीनंतर उतरवतात. सौदा डिसेंबर-जानेवारीत करा, मे महिन्यात सगळेच धावतात. घरमालकाकडून लेखी पावती घ्या, त्यात जात, नगांची संख्या आणि माप लिहून घ्या. आणि ट्रक भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारा. अडवलेल्या ट्रकचं भाडं लाकडापेक्षा जड होतं.

प्रश्न : स्वतःच्या बागेतला फणस आणि ऐन तोडून वापरला तर परवानगी लागते का?

उत्तर : लागते. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, चिंच, हिरडा ही सगळी झाडं आहेत. जमीन तुमची असली तरी तोड आधी मंजूर करून घ्यायची. बांबूचं तसं नाही. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला.

तोडीची परवानगी मिळाली तरी लाकूड त्याच वर्षी छपरावर जाणार नाही. चिरून, सावलीत, एक इंची पट्ट्या दर दोन फुटांवर मध्ये घालून रचा, टोकांना रंग फासा. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. उन्हात टाकलं तर पटकन सुकतं, हे खरं, आणि पटकन फाटतंही.

प्रश्न : सीपी साग म्हणजे काय? वखारीत त्याच्या निम्म्या भावात 'आफ्रिकन साग' मिळतो, तो घ्यावा का?

उत्तर : सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जुना मध्य प्रांत. बल्लारशा-आलापल्लीकडच्या सागाला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ब्रह्मदेशाने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून घाना आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग बाजारात फार दिसतो. तो खोटा नाही, कोवळा आहे. ओंडक्याचं तोंड बघा : मधला तपकिरी गाभा किती आणि कडेचा पांढरा किती? पांढऱ्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. गाभाच मोजून भाव ठरत असेल तर घ्या.

प्रश्न : गोदामातल्या पॅलेटचं पाइन लाकूड भिंतीच्या आतून लावायला स्वस्त पडेल का?

उत्तर : आतून लावायला हो, भार घेणाऱ्या कामाला नाही. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा ठसा असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशाला 30 मिनिटं तापवलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते राहत्या खोलीत नको. ठसाच नसेल किंवा तेलाचे डाग असतील तर सोडून द्या.

लावण्याआधी 10 लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवून फळ्या दिवसभर बुडवा, मग सावलीत वाळवा. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे पडवीच्या बाहेरच्या बाजूला त्याचा उपयोग नाही. आणि फळ्या थेट जांभ्यावर ठोकू नका. मागे एक इंची पट्ट्या द्या, खाली-वर फट ठेवा, नाहीतर श्रावणात मागच्या अंगाला बुरशी येईल आणि तुम्हाला ती दिवाळीला कळेल.